पाठवणीच्या दोन गोण्या

इगतपुरी,
६ जानेवारी २०२५

चि. योगेशराव यांस,

आशीर्वाद आहेत. जावयाला ते द्यावेच लागतात.

परवा वैष्णवीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, यांनी अंबडची नोकरी सोडली." मला वाटलं, दुसरी बरी मिळाली असेल. तर म्हणे नाही, जीपच्या मागे बांधून ओढायची एक खोली बनवली आहे, आता असल्याच खोल्या बनवून विकणार. मी फोन तुमच्या सासूबाईंच्या हातात दिला. असलं काही मला दोनदा ऐकवत नाही.

पत्र का लिहितो, तेही सांगतो. फोनवर तुम्ही "हो बाबा, हो बाबा" करता आणि ठेवला की मनाचंच करता. तोंडचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं. एसटीत एकतीस वर्षं मी हेच शिकलो. तुमचं उत्तरही कागदावरच यावं. आलेली पत्रं मी भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवतो.

तर ही खोली. दोन चाकांवर पत्र्याचा डबा, त्यात पलंग, शेगडी आणि मोरी. गोगलगायही घर पाठीवर घेऊन फिरते, पण ती बिचारी त्यासाठी नोकरी सोडत नाही. पाथर्डी फाट्याला तुमचा दोन खोल्यांचा चांगला फ्लॅट आहे. तिथे झोप येत नाही का तुम्हाला?

पहिली फेरी पेठच्या रस्त्याने, सावळ घाट, कोटंबीचा घाट आणि पुढे नदीच्या कडेकडेने, असं कळलं. त्या रस्त्यावर मी एकतीस वर्षं गाडी चालवली. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला नदी आणि मध्ये वळणावर वळण. दिसायला फार सुंदर, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असायची, म्हणून मी नदीकडे कधी मान वळवली नाही. तुम्ही तर नदी बघायलाच निघालात.

तुम्ही खुशाल जा. डबा न्या, नदी बघा, फोटो काढा. पण माझी लेक आणि नऊ वर्षांची आरोही तुमच्याबरोबर तो घाट उतरणार असतील, तर मला ते मान्य नाही. दोघींना इथे आणून सोडा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तुमचा बैल रिकामा राहिला तर राहू दे, गाडीत माझी माणसं नकोत.

सावळीराम गतीर
निवृत्त चालक


नाशिक,
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही काळजीपोटी लिहिलंत, असं मी समजतो.

बारा वर्षं मी अंबडला दुसऱ्यांच्या मशीनचे सुटे भाग काढले. ते कुठे बसतात, काय करतात, हे मला कधी दिसलं नाही. हा ट्रेलर मी पहिल्या पट्टीपासून शेवटच्या बिजागरीपर्यंत स्वतः केला आहे. तुम्ही त्याला डबा म्हणा. तुमच्या लाल गाडीलाही लोक डबाच म्हणायचे, आणि तरी तिकीट काढून बसायचे.

एक गैरसमज दूर करतो. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसत नाही. वैष्णवी आणि आरोही माझ्याबरोबर जीपमध्ये असतील, पट्टा लावून. तुमचा अनुभव दांडगा आहे, पण राग मानू नका, एसटी म्हणजे एक गाडी. ट्रेलर लावला की त्या दोन होतात, आणि दुसरी पहिलीचं ऐकतेच असं नाही. जड सामान पुढच्या बाजूला, जीपजवळ ठेवावं लागतं. मागच्या टोकाला वजन गेलं की ट्रेलर उतारावर शेपूट हलवायला लागतो, आणि मग ते शेपूटच जीपला हलवतं. हे एसटीत शिकवत नसावेत, म्हणून लिहिलं.

तुम्हाला कागदावरचं हवं आहे, तर हेही कागदावर घ्या. पंचवीस तारखेला शनिवारी आम्ही निघणार. मंगळवारी ट्रेलर एकाही ओरखड्याशिवाय दारात आणून उभा करीन. तसा आणला तर नातेवाइकांत त्याला डबा म्हणणं तुम्ही थांबवायचं. वाटेत काही कमी-जास्त झालं, तर ट्रेलर विकतो आणि पुन्हा अंबडला नोकरी धरतो. नोकरी लागेपर्यंत वैष्णवी आणि आरोहीला तुम्ही इगतपुरीला घेऊन जा. मी एका शब्दाने अडवणार नाही.

आईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
योगेश


इगतपुरी,
१४ जानेवारी २०२५

चि. योगेशराव यांस,

संक्रांत आहे, म्हणून तिळगूळ पाठवला आहे. गोड बोलण्याचं मात्र या वर्षी जमेलसं दिसत नाही.

तुमचा शब्द तारेत ओवला. घोडामैदान जवळच आहे.

मला गाडी शिकवायला निघालात, याबद्दल आभार. पुढे वजन, मागे वजन! माझ्या गाडीच्या टपावर एकदा दोन शेळ्या, सायकल आणि एका नवरीचं कपाट होतं. गाडी वेळेवर पोचली. कपाटाचा आरसासुद्धा शाबूत होता.

शनिवारी पहाटे मी शेजाऱ्याच्या पिकअपमधून येतो. तुम्ही चार दिवस जंगलात राहणार, तर लेकीला हात हलवत पाठवायची पद्धत आमच्यात नाही. घरचा तांदूळ आहे, या वर्षी चांगला उतरलाय. तुमच्या सासूबाईंनीही काही बांधून ठेवलं आहे. जंगलात मिक्सर कुठला, असं त्या म्हणतात. तुम्ही त्याचं वजन काढत बसू नका. पाठवणी तराजूने करत नाहीत.

सावळीराम गतीर


इगतपुरी,
२ फेब्रुवारी २०२५

श्री. योगेश काकड यांस,

'चि.' लिहायला आज हात वळत नाही.

वैष्णवीच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं आहे. सहा आठवडे प्लास्टर. आरोहीला खरचटलंही नाही, पण आठ दिवस झाले तरी ती जेवताना मध्येच हात थांबवून बसते. आजी विचारते, "काय गं?" तर म्हणते, "काही नाही, घाट आठवला."

मी तुमच्या मेव्हण्याची, ललितची गाडी घेऊन पेठच्या दवाखान्यात आलो, तेव्हा तुम्ही बाकावर बसला होता. मी अपघाताची जागा पाहिली नाही, पाहण्याची गरजही वाटली नाही. दवाखान्यात लोक सांगतच होते. नदीकडेचा उतार, डावं वळण, डबा कठड्यावरून पलीकडे आणि दोन सागाच्या झाडांत अडकून उभा. जीप रस्त्यावर आडवी. झाडांना अक्कल होती म्हणायची.

एकतीस वर्षं, योगेशराव. एकतीस वर्षांत माझ्या गाडीने एका माणसाचं बोट मोडलं नाही. त्याच रस्त्यावर तुम्ही पहिल्याच फेरीला माझ्या लेकीचा हात मोडला. नाचता येईना अंगण वाकडं, असंही आता म्हणू नका. अंगण तेच आहे, मी त्यावर जन्मभर नाचलोय.

दिलेला शब्द तारेत आहे. दोघींना मी घेऊन आलो. डब्याला गिऱ्हाईक बघा. अंबडला जाऊन पाय धरा, घेतील परत. आणि एक काम करा. आमच्याकडे अपघात झाला की चालकाला जबाब लिहून द्यावा लागायचा. वेग किती, गिअर कोणता, चूक कोणाची. तसा जबाब लिहून पाठवा. तारेत एक जागा रिकामी आहे.

सावळीराम गतीर


नाशिक,
७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

जबाब देतो. उतारावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. वेग साठच्या वर होता. नदीकडे बघत होतो. चूक माझी.

ट्रेलर क्रेनने काढून नाशिकला आणला आहे. एक बाजू चेपली आहे, पण साटा, म्हणजे खालचा सांगाडा, सरळ आहे. वणीचा एक माणूस परवा बघून गेला. देवीच्या वाटेवर नारळ-प्रसादाचं दुकान टाकायला त्याला हवा आहे. आकडा ठरला. पंधरा तारखेला घेऊन जाईल. अंबडलाही अर्ज दिला.

वैष्णवी फोन उचलत नाही. ती रागावली असेल, ते बरोबर आहे. आरोहीला मात्र दिवसातून एकदा तरी बोलू द्या. एवढंच मागतो.

आपला आज्ञाधारक,
योगेश


इगतपुरी,
१० फेब्रुवारी २०२५

श्री. योगेश काकड यांस,

जबाब मिळाला. मोठ्याने वाचून घरात सगळ्यांना ऐकवला. साठच्या वर! त्या वळणावर मी रिकाम्या गाडीला पंचवीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. आणि वर नदीकडे बघत होतो म्हणता. निदान खरं लिहिलंत, एवढाच तुमचा मोठेपणा.

वैष्णवीने ऐकलं आणि उठून गेली. आता तिला पटलं असेल, आपला बाप काय सांगत होता.

बाकी सोडा. माझ्या तांदळाचं काय झालं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पन्नास-पन्नास किलोच्या दोन गोण्या होत्या. सासूबाई पाटा-वरवंट्याचं विचारतात. तो त्यांच्या आईचा होता. मी स्वतः सगळं मागच्या दारातून आत घेतलं आणि पार मागच्या पलंगाखाली घट्ट रचून दिलं होतं. तुम्ही तेव्हा वर देवाला नारळ फोडत होता. आमच्या गाडीत जड डाग मागेच टाकायचे. मागे वजन असलं की मागची चाकं रस्ता धरून राहतात, नाहीतर घाटात रिकामी गाडी उडते. हे तुमच्या पुस्तकात नसेल. इतकं पद्धतशीर भरून दिलं, तरी तुम्ही उलथवून दाखवलंत. करणाऱ्याला काहीही अशक्य नाही.

आरोहीला फोनवर देईन. पण लाडीगोडी लावून तिच्या आईपर्यंत पोचायचं नाही.

सावळीराम गतीर


नाशिक,
१३ फेब्रुवारी २०२५

बाबा आणि योगेश,

दोघांना मिळून हे एकच पत्र. डाव्या हाताने दोनदा लिहिणं जमणार नाही, म्हणून झेरॉक्स काढली. अक्षर वाचता येत नसेल तर सावकाश वाचा. दोघांनाही सध्या दुसरं काम नाही.

बाबा, मी काल सकाळच्या गाडीने आरोहीला घेऊन निघाले, तेव्हा तुम्ही शेतावर होता. आईला सांगून निघाले. निघायच्या आधी तारेतली सगळी पत्रं वाचली. तुम्ही जबाब मोठ्याने वाचलात तेव्हाच मला कळलं की योगेश खोटं बोलतो आहे. पण त्याच्या आधीचं पत्र मी पाहिलं नव्हतं. "वाटेत काही कमी-जास्त झालं, तर वैष्णवी आणि आरोहीला घेऊन जा." दोघांनी मिळून पैज लावली आणि पैजेवर मला ठेवलं. मी म्हैस आहे की कोंबडी? छत्तीस वर्षांची बाई आहे मी. मला विचारलं असतंत तर मी दोघांनाही उत्तर दिलं असतं, पण ते तुम्हाला आवडलं नसतं.

आता जबाब माझा. मी शेजारच्या सीटवर होते आणि काट्याकडे बघत होते, कारण मला तीच सवय आहे. वेग अडतीस होता. गिअर दुसरा. योगेशची नजर रस्त्यावर होती. नदीकडे आरोही बघत होती, आणि तिला ती परवानगी होती.

सावळ घाट उतरताना ट्रेलर मागून थोडा डुलला. पेठला आम्ही चहाला थांबलो, तेव्हा योगेशने शेगडी काढायला मागचं दार उघडलं. पलंगाखाली दोन गोण्या, पाटा, वरवंटा, वर पाण्याचा कॅन. सगळं अगदी शेवटच्या टोकाला. तो बघतच राहिला. मी म्हटलं, "पुढे सरकव. पुढच्या बाकाखाली जागा आहे." त्यावर योगेश काय म्हणाला, ते बाबा, नीट ऐका. "त्यांनी स्वतःच्या हाताने रचलंय. मी हलवलं तर त्यांना वाईट वाटेल." मी म्हटलं, "ते इगतपुरीला आहेत, त्यांना काय दिसणार आहे?" तर म्हणाला, "परत गेल्यावर विचारतील ना, कुठे ठेवलं होतं म्हणून. जाऊ दे, हळू नेतो."

आणि हळू नेला. उतारावर ट्रेलरने शेपूट हलवलं, ते जीपपर्यंत आलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

योगेश, तुला हे शास्त्र बाबांना पत्रातून शिकवता आलं. चार शब्दांचा टोमणाही मारता आला. पण हाताने एक गोणी हलवता आली नाही. आणि वर जबाबात साठ लिहिलंस. तुला वाटलं असेल, मोठं मन दाखवलं. ते मोठं मन नव्हतं. सासऱ्याशी भांडण्यापेक्षा वेडा ठरणं तुला सोपं वाटलं, बस. तू तुझी नोकरी, तुझा ट्रेलर आणि आम्हा दोघींना त्या खोट्यावर सोडून देणार होतास.

बाबा, तुम्हाला तर त्याने आधीच लिहून कळवलं होतं, जड सामान पुढे. तुम्ही ते वाचलं, तारेत ओवलं, आणि मुद्दाम मागे रचलंत. मुद्दाम नसेल, तर न वाचल्यासारखं केलंत. जावयाने सांगितलेलं ऐकायचं, म्हणजे तुमची एकतीस वर्षं वाया गेली असती. एकाला मान हवा होता, दुसऱ्याला मान द्यायचा होता. हात माझा मोडला.

माझीही चूक आहे. योगेश नाही म्हणाला तेव्हा मी गप्प बसले. पन्नास किलोची गोणी एकटीने ओढवली नसती, पण चहावाल्या बाईला हाक मारता आली असती.

आता काय होणार ते सांगते. वणीच्या माणसाला मी फोन करून नाही कळवलं. ट्रेलर विकायचा नाही. तो चांगला आहे. इतका वाकडा पडूनही त्याचा साटा सरळ राहिला, हे योगेशने जबाबात लिहिलं, पण त्यातलं कौतुक त्यालाच कळलं नाही, कारण तो रडत बसला होता. अंबडचा अर्ज मागे घ्यायचा की नाही, ते योगेश ठरवेल. मी कुठे राहायचं, ते मी ठरवीन, आणि मी इथे आहे. हात बरा झाला की मी ट्रेलर ओढायला शिकणार. उलटा घेता येतो मला आत्ताच, योगेशला अजून येत नाही. उलटा घेताना चाक विरुद्ध बाजूला फिरवायचं असतं. या घरात मला ते सोपं गेलं. बाबा, तुम्ही ललितला बाराव्या वर्षी ट्रॅक्टर शिकवलात आणि मला म्हणालात, तू भाकरी शिक. भाकरी येते मला.

कोणी उत्तर लिहायला बसू नका. आधी दोघांनी आपापलं पत्र पुन्हा वाचा.

वैष्णवी


इगतपुरी,
३ मार्च २०२५

योगेशराव,

वैष्णवीचं पत्र आल्यावर मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी एसटीने पेठला गेलो. पुढे त्या वळणापर्यंत चालत गेलो. मी आयुष्यात इतके जबाब लिहिले, इतके पंचनामे पाहिले, आणि माझ्या लेकीचा अपघात मात्र दवाखान्याच्या बाकावरून निकाली काढला होता.

कठड्यावर पत्र्याचा ओरखडा आहे. सागाच्या दोन्ही झाडांची साल निघाली आहे. झाडांच्या पलीकडे सरळ कडा, आणि खाली नदी. मी तिथे उभा राहिलो आणि पहिल्यांदा खाली पाहिलं. कठडा धरून खालीच बसलो. वळणावर बायडाबाईचा चहा आहे, ती धावत आली. तिने मला ओळखलं नाही. म्हणाली, "बाबा, आधी मागचा डबा डुलाया लागला, मंग जीप. मी हितूनच पाह्यलं. ड्रायव्हर बिचारा लय हळू हाकत व्हता." मग चहा देताना म्हणाली, "तांदूळ सांडला व्हता गोणीभर. आम्ही बायांनी येचला. लय गोड हाय. कुनी धाडला व्हता काय म्हाईत."

मी सांगितलं नाही. चहाचे पैसे देऊन उठलो.

चूक माझी. मला हे लिहायला सतरा दिवस लागले. तुमचं पत्र मी वाचलं होतं, आणि ते खरं असणार हेही मला वाचतानाच कळलं होतं. गोण्या रचताना एकदा मनात आलं, हा पुढे ठेवा म्हणतोय. मग वाटलं, ह्याने मला शिकवावं? आणि आणखी आत ढकलल्या. माझ्या हाताने ढकलल्या, योगेशराव. माझ्या आरोहीला मी नदीच्या काठापर्यंत ढकलत नेलं. ह्याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

पण तुमच्याबद्दलचं माझं मत फार बदललं, असंही समजू नका. तुम्ही पेठहून मला फोन करून "म्हाताऱ्या, तुला अक्कल आहे का?" असं विचारलं असतंत, तर मी चार महिने तुमच्याशी बोललो नसतो आणि वैष्णवीचा हात शाबूत राहिला असता. तुम्ही मला मान दिलात. असला मान मला नको. ज्या मानापायी माणसं मरतात तो मान कुत्र्याला घाला. माझी चूक दिसली की इथून पुढे तोंडावर सांगायची.

तुमची पैज मोडली. डबा विकू नका. हो, मी डबाच म्हणणार, सवय आहे. सासूबाईंना सांगितलं, पाटा फुटला. त्या म्हणाल्या, फुटू दे, पोरगी आली ना परत.

पाडव्याला तुम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघणार, असं आरोहीने फोनवर सांगितलं. चांगलं आहे. मात्र एक ठरवलं आहे. गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसून तुमचं शास्त्र सांगा, मी ऐकेन. तो घाट माझ्या हाताखालून गेला, तरच मला झोप लागेल. मी आदल्या दिवशी येतो.

सावळीराम


नाशिक,
२४ मार्च २०२५

बाबा,

नमस्कार. तुम्ही या. आरोहीने तुमच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली आहे.

पण गाडी तुम्ही चालवणार नाही. मीही नाही. वैष्णवी चालवणार. तिचं प्लास्टर निघून दोन आठवडे झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि गेले आठ दिवस ती रोज सकाळी पेठ रोडला जाऊन माझ्यासमोर ट्रेलर ओढते. माझ्यापेक्षा चांगला ओढते. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. आधीच घरात राहणं मुश्कील झालं आहे.

तुम्ही तोंडावर सांगा म्हणालात, म्हणून सांगतो. वैष्णवीने लिहिलं की मी तुम्हाला मान देत होतो. तसं नव्हतं. मला तुमची भीती वाटत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तुम्ही दारात उभे राहिलात की मी अजून चप्पल नीट लावतो. त्या दिवशी पेठला, वैष्णवी चहाला पुढे गेल्यावर, मी गोणीला हात लावला होता. अर्धी बाहेरही ओढली होती. मग तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि पुन्हा आत ढकलली. तुम्ही एकदा ढकललीत, मी दुसऱ्यांदा. हे मी वैष्णवीलाही काल सांगितलं.

भीती अजून आहे. ती एका पत्राने जाणार नाही, आणि तुमच्या स्वभावावरून ती जावी अशी तुमचीही फारशी इच्छा दिसत नाही. पण या वेळी तुम्ही जे काही घेऊन याल, ते मी तुमच्यासमोर जमिनीवर उतरवीन, हाताने वजन करीन आणि मला वाटेल तिथे ठेवीन. नको असेल ते इथेच राहील. तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

सकाळी सहाला निघणार. घाटात वैष्णवीला सूचना द्यायची नाही. तुम्ही मागे बसायचं, आरोहीच्या शेजारी.

योगेश